चवड्यात खडा टोचतो, पण बुटात खडा नसतो

सुरंगी | २४ सप्टेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

चवथ सरली, पाहुणे गेले, गणपतीवर बांधलेली फळा-फुलांची माटोळी उतरवून झाली. आता पाय उशीवर ठेवून लिहायला बसले आहे, कारण विषय पायाचाच आहे.

वय ४६. कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनवर १९ वर्षं झाली. आठ-नऊ तास उभं राहायचं, गणवेशाबरोबर काळे बंद बूट, पुढून निमुळते, टाच दोन इंच. वर्षभरापासून उजव्या पायाच्या चवड्यात, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मुळाशी दुखतं. सकाळी वाटतं मोज्याला आत घडी पडली आहे. बूट काढून मोजा सरळ करायला जाते, तर घडी नसतेच. अकरा-बारापर्यंत त्या घडीचा खडा होतो आणि दुपारी पाहुण्यांची बस आली की पेटती उदबत्ती टेकवावी तशी आग. मग काउंटरच्या आड बूट काढायचा, चवडा हाताने चेपायचा, थंड लादीवर पाय ठेवायचा. चार-पाच मिनिटांत सगळं शांत. बूट घातला की तासाभरात पुन्हा तेच. बोटं मधूनच बधिर होतात.

घरी अनवाणी असले की जवळजवळ काहीच होत नाही. त्यामुळे घरच्यांनाही पटत नाही. आधी कुरूप समजून पंधरा दिवस पट्टी लावली, पण कातडी स्वच्छ आहे. एका डॉक्टरांनी पायाला हात न लावताच वजन आणि वय यांच्यावर ढकललं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

परवा गणपतीसमोर फुगडी घालताना चवड्यावर भार देऊन गिरकी घेतली आणि दोन बोटांत अशी कळ गेली की माझे हात सुटले. समोरची भाची भिंतीवर आदळता आदळता वाचली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे कुणाला झालं आहे का? दाखवायचं कुणाला? आणि पौषात धालोला, म्हणजे आमच्या बायकांच्या नाच-गाण्याला, मला मांडावर (नाचाच्या जागेवर) उभं राहता येईल का? बाराव्या वर्षापासून एकही धालो चुकवलेला नाही.

---

कुळागर | २४ सप्टेंबर, रात्री ११:०५

कुरूप आत खोल असलं तर वरून दिसत नाही असं ऐकलं आहे. ब्लेडने वगैरे काही करू नका मात्र. माझ्या आईने केलं होतं, पाय पिकला.

---

पाटोचा_पूल | २५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

युरिक ॲसिड तपासून घ्या. आमच्याकडे तिघांना निघालं. कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या) बंद केल्या की उतरतं.

---

फिजिओ_फोंडा | २५ सप्टेंबर, दुपारी २:१५

सुरंगीताई, तुम्ही इतकं नेमकं लिहिलं आहे की बरंचसं त्यातच आलं. कुळागर, कुरूप कितीही खोल असलं तरी त्या जागी कातडी कडक आणि जाड लागते, ताईंची स्वच्छ आहे. पाटोचा_पूल, युरिक ॲसिडचा दुखवा बहुतेक वेळा अंगठ्याच्या सांध्यात येतो. सांधा लाल होतो, सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही आणि बूट काढला म्हणून चार मिनिटांत थांबत नाही. ताईंचं दुखणं बूट काढल्यावर थांबतं. माझ्या मते हीच खूण सगळ्यात मोठी.

चवड्यात पाच लांब हाडं शेजारी शेजारी असतात. त्यांच्या मधल्या फटींतून बोटांना स्पर्शाची जाणीव देणारे चेतातंतू जातात. हाडांची टोकं एकमेकांशी बांधून ठेवणारा एक आडवा पट्टा असतो, तंतू त्याच्या खालून निघतो. निमुळत्या बुटात हाडं बाजूंनी जवळ येतात. टाच उंच असली की भार चवड्यावर येतो, बोटं वर वळतात, आणि तंतू त्या पट्ट्याच्या कडेवर ताणला जातो. रोज आठ तास, वर्षानुवर्षं हे झालं की तंतूभोवतीचं आवरण जाड होतं. जाड झालेला तंतू आणखी चेपला जातो. सर्वांत जास्त वेळा हे तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये होतं, त्याखालोखाल दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त. डॉक्टरी भाषेत मॉर्टन्स न्यूरोमा.

हे मी पडद्याआडून सांगते आहे, पाय पाहिलेला नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. पण तोवर घरी एक करा. जुना पेपर जमिनीवर पसरा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन त्यावर उभ्या राहा आणि कुणाला तरी पेन उभं धरून पायाची कड काढायला सांगा. मग त्याच रेषेवर तुमचा बूट ठेवा. काय दिसतं ते इथे लिहा.

---

वाळपईकर | २५ सप्टेंबर, दुपारी ४:००

माझ्या वडिलांनाही चवड्याची आग होते, तर तेही हेच का? त्यांना १४ वर्षं मधुमेह आहे. पण दोन्ही पायांना होते आणि रात्री जास्त.

---

फिजिओ_फोंडा | २५ सप्टेंबर, दुपारी ४:४०

नाही दादा, ते वेगळं वाटतं. दोन्ही पाय, मोजा चढवल्यासारखी बोटांपासून वर येणारी आग किंवा बधिरपणा, रात्री जास्त: ही साखरेने तंतू दुखावल्याची लक्षणं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा तपासून घ्या, त्या गोळीने ते कमी होऊ शकतं. आणि त्यांचे तळपाय रोज संध्याकाळी कुणीतरी उजेडात बघा. जाणीव कमी झाली की जखम झालेली कळतही नाही.

---

कांपालचा_गोली | २५ सप्टेंबर, रात्री ९:२०

बायकांचं दुखणं म्हणून मी वाचणं सोडणार होतो, पण हे तर माझंच निघालं.

वीस वर्षं गावोगावच्या स्पर्धांत फुटबॉल खेळलो. आमच्यात पद्धत होती, बूट एक नंबर लहान घ्यायचा, म्हणजे बॉल पायाला नीट कळतो. सेकंड हाफमध्ये डाव्या पायाची मधली बोटं बधिर व्हायची आणि किक मारताना वीज चमकल्यासारखं व्हायचं. मी ती सहन करणं म्हणजे खेळाडूपण समजायचो. शेवटी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत दाखवलं. डॉक्टरांनी एका हाताने चवडा बाजूंनी दाबला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालून दोन हाडांच्या मध्ये रेटलं. आतून ‘टक्’ झालं आणि मी खुर्चीवरून उठलोच. ते म्हणाले, आता सोनोग्राफी फक्त खात्रीसाठी.

स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. पहिल्याने आठ महिने आराम. मी खूश होऊन परत तेच बूट घातले. दुसऱ्या इंजेक्शनने तीन आठवडेसुद्धा निघाले नाहीत. मग बूट बदलले, पुढून रुंद घेतले. आता कोचिंग करतो, दुखत नाही. जे शेवटी केलं ते आधी करायला हवं होतं.

---

दूधसागर_लोकल | २५ सप्टेंबर, रात्री ९:५५

माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब आहे. त्याला मॉर्टन्स टो म्हणतात असं वाचलं. मग मलाही हे होणार का? आजी तर म्हणायची की असं बोट असलेली बाई नवऱ्यावर राज्य करते.

---

मांडवीकाठ | २६ सप्टेंबर, सकाळी ६:५०

हे दोन मॉर्टन वेगळे. चेतातंतूच्या दुखण्याला ज्यांचं नाव आहे ते फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक थॉमस जॉर्ज मॉर्टन. त्यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. लांब बोटवाले डडली मॉर्टन विसाव्या शतकातले. लांब बोट असलं म्हणून न्यूरोमा होतोच असं नाही. राज्याचं तुम्ही बघा!

मी अस्थिरोगाचा डॉक्टर आहे, आता निवृत्त. या दुखण्याचा इतिहास मला नेहमी विचार करायला लावतो. मॉर्टनच्या आधी इटलीत चिविनीनी यांनी १८३५ मध्ये शवविच्छेदन करताना तंतूवरची ही जाडी पाहून नोंदवली होती. १८४५ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्याच्या पायांची देखभाल करणाऱ्या ड्युरलाकर यांनी हेच दुखणं लिहून ठेवलं. तरी मॉर्टनना वाटलं की दोष चौथ्या बोटाच्या सांध्यात आहे, आणि ते सांधाच काढत. म्हणजे दुखणं बरोबर ओळखलं, जागा थोडी चुकली. वर गोलीभाऊंनी सांगितलेली ‘टक्’ची तपासणी डच डॉक्टर मुल्डर यांच्या नावाने ओळखली जाते, १९५१ पासून.

सुरंगीताई, पायाला हात न लावता चवड्याचं निदान करता येत नाही. तुमच्या बाबतीत जे झालं त्याचं मला डॉक्टर म्हणून वाईट वाटलं. पुढच्या डॉक्टरांसमोर बूट-मोजे काढूनच बसा आणि नेहमीचे बूट बरोबर न्या.

---

डिचोली_पेठ | २६ सप्टेंबर, सकाळी ११:१०

एक शंका. आमच्याकडे सगळे ‘शीर दबली’ म्हणतात. मी तसं सांगितलं तर डॉक्टर रक्तवाहिनी समजतील का?

---

मांडवीकाठ | २६ सप्टेंबर, सकाळी ११:३५

नाही समजणार. शीर म्हणा, नस म्हणा, ‘मुंग्या येतात, वीज जाते, बधिर होतं’ हे सांगितलं की कळतं. शब्दांपेक्षा बोट ठेवून जागा दाखवा. तंतूचं दुखणं दोन हाडांच्या मध्ये दाबल्यावर जागं होतं. थेट हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर विचार वेगळा करावा लागतो.

---

विठूचा_टाळकरी | २६ सप्टेंबर, रात्री ८:१५

डॉक्टरांनी शेवटी लिहिलं ते माझ्यावर बेतलं आहे. गोव्यातून पायी वारीला गेलो होतो. परतल्यावर चवडा दुखायला लागला, वरून थोडी सूज. मी इंटरनेटवर वाचून स्वतःच न्यूरोमा ठरवला आणि बुटात पॅड घालून हिंडलो. एक्सरे काढला तर त्यात काही नाही. दुखणं थांबेना म्हणून तीन आठवड्यांनी परत काढला, तेव्हा दुसऱ्या लांब हाडाला बारीक चीर आणि तिच्याभोवती नवं हाड धरायला लागलेलं दिसलं. फार चालल्याने येणारं फ्रॅक्चर. माझं दुखणं बूट काढूनही थांबत नव्हतं, हा फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर मी ते तीन आठवडे त्या हाडावर चाललो नसतो. माउलींनी सांभाळलं.

---

आबोली_वळेसर | २७ सप्टेंबर, दुपारी १२:२०

माझं ऑपरेशन झालेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कुणी घाबरू नये आणि कुणी घाईही करू नये.

मी शिक्षिका. दोन वर्षं बूट बदलले, पॅड वापरले, दोन इंजेक्शनं झाली. तरी फळ्यासमोर उभं राहणं अशक्य झालं तेव्हा ऑपरेशन केलं. चीर पायाच्या वरच्या बाजूने दिली, तळव्याला व्रण राहिला तर चालताना तोच टोचू शकतो म्हणून. जाड झालेला तंतूचा तुकडा काढून टाकला. दोनेक आठवडे पाय वर ठेवून काढले, मग कडक तळाच्या सपाट चपलेने हळूहळू चालणं. पूर्वीसारखी बाजारभर फिरायला दोन-अडीच महिने लागले.

ती आग गेली, ती आजतागायत परत आलेली नाही. पण तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या आतल्या कडा कायमच्या बधिर आहेत. ओल्या वाळूत चालताना त्या दोन बोटांच्या मध्ये वाळू शिरलेली मला कळत नाही. मिरामारला पहिल्यांदा गेले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. हे मला डॉक्टरांनी आधी स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून मी त्यांची ऋणी आहे. माझ्या ओळखीत एका बाईंना कापलेल्या टोकाशीच परत दुखणं सुरू झालं, तसंही होतं कधी कधी. म्हणून आधीचे सगळे उपाय मन लावून करून बघा.

---

कुळागर | २७ सप्टेंबर, दुपारी १:००

एवढं सगळं करण्याआधी कोमट खोबरेल तेलाने रोज रात्री जोरात चोळलं तर? आमच्या घरात सगळी दुखणी त्यानेच जातात.

---

फिजिओ_फोंडा | २७ सप्टेंबर, दुपारी ३:३०

तेल लावा, पोटरी आणि तळव्याची कमान हलक्या हाताने चोळा, त्याने बरं वाटतं. पोटरी आखडलेली असली की टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर जास्त भार येतो, म्हणून पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम मी सगळ्यांना देते. पण नेमक्या दुखऱ्या जागी अंगठ्याने रेटू नका. जे चेपून दुखावलं आहे त्याला आपणच आणखी चेपायचं कशाला?

---

कुळागर | २७ सप्टेंबर, दुपारी ३:४५

पटलं. आईलाही सांगते.

---

सुरंगी | ९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? देव बरें करूं.

आधी कागदाचं सांगते. मुलाने पायाची कड काढली. चवड्याच्या सर्वांत रुंद जागी पाय ९.८ सेंटिमीटर. त्यावर बूट ठेवला. बुटाचा तळ त्याच जागी ७.९. दोन्ही बाजूंनी माझ्या पायाची रेष बुटाबाहेर उघडी पडली होती, करंगळी तर अख्खी बाहेर. मुलगा म्हणाला, “आई, हा बूट तुझा नाहीच.” मी तो कागद बराच वेळ बघत बसले. १९ वर्षं मी त्यात पाय कोंबत होते, आणि दुखतं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्या पायातच दोष शोधला, मीसुद्धा.

म्हापशात नवीन डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, दाबलं, ‘टक्’ झालं. एक्सरे नीट. सोनोग्राफीत तिसऱ्या फटीत ७ मिलिमीटरची जाडी. रिपोर्टवर ‘न्यूरोमा’ वाचलं आणि माझे हातपाय गार पडले. नावाच्या शेवटी ‘ओमा’ म्हणजे गाठ, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं जे झालं ते मी विसरलेले नाही. डॉक्टरांकडे परत जाईपर्यंतचे दोन दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक.

---

मांडवीकाठ | १० ऑक्टोबर, सकाळी ६:४०

ताई, हा कर्करोग नाही आणि त्याचा कर्करोग होतही नाही. खरं तर ही गाठच नाही. तंतूभोवतीचं आवरण घट्ट, जाड झालेलं असतं, हाताला घट्टे पडतात तसं समजा. नाव चुकीचं पडलं आणि तेच चिकटून राहिलं. रिपोर्ट हातात देताना हे एक वाक्य रुग्णाला सांगायलाच हवं.

---

सुरंगी | १० ऑक्टोबर, सकाळी ७:२०

डॉक्टर, हे वाचून आता चहा घशाखाली उतरला. त्यांनीही हेच सांगितलं होतं, पण दोघांनी सांगितलं की धीर येतो.

तीन महिने इंजेक्शन नको म्हणाले. बूट रुंद, सपाट, आणि आत पॅड. पॅड लावून आठवडा झाला, पण मला तर जास्तच टोचतं आहे.

---

फिजिओ_फोंडा | १० ऑक्टोबर, दुपारी १:५०

पॅड दुखऱ्या जागेच्या बरोबर खाली लावलं आहे ना? नव्वद टक्के लोक नकळत तेच करतात. ते त्या जागेच्या मागे, टाचेच्या दिशेला हवं. लांब हाडांना टोकांच्या मागून उचललं की ती पसरतात आणि तंतूला जागा मिळते.

जागा सापडण्यासाठी ओलं कुंकू घ्या. दुखऱ्या बिंदूवर टिळा लावा, बुटातल्या सुकतळ्यावर कागद ठेवून एकदा पाय घालून उभ्या राहा. कागदावर ठसा उमटेल. पॅडची पुढची कड त्या ठशाच्या मागे संपली पाहिजे. पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग वाढवा.

---

सुरंगी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:०५

माझं पॅड ठशाच्या बरोबर वर होतं! बोटभर मागे सरकवलं. आज चार वाजेपर्यंत खडा आला नाही.

---

कांपालचा_गोली | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

वा ताई! पण गणवेशाच्या बुटांचं काय केलंत?

---

सुरंगी | १५ ऑक्टोबर, रात्री १०:१०

तो कागद घडी घालून मॅनेजरसाहेबांकडे नेला. डॉक्टरांची चिठ्ठीही होती, पण बोलला तो कागदच. टेबलावर पसरला आणि त्यावर बूट ठेवला. ते काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, काळा रंग ठेवा, बाकी तुमच्या पायाला येईल तो घ्या. दुसऱ्या दिवशी हाउसकीपिंगच्या दोघी आणि बँक्वेटमधला एक मुलगा जेवणाच्या सुट्टीत पेपर घेऊन माझ्याकडे आले. तिघांच्याही पायांच्या रेषा बुटाबाहेर. त्यातल्या एकीची बोटं सहा महिने बधिर आहेत, तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

---

आबोली_वळेसर | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:००

बूट नेहमी संध्याकाळी घ्यायला जा, पाय दिवसभरात थोडा पसरतो. आणि दोन्ही पायांत घालून दुकानात चालून बघा.

---

विठूचा_टाळकरी | २० जानेवारी, सायंकाळी ६:३०

पौष लागला. सुरंगीताई, मांडावर उभ्या राहिलात की नाही? आम्ही वाट बघतो आहोत.

---

सुरंगी | २७ जानेवारी, सकाळी ६:१५

काल रात्री उभी राहिले. उत्तर द्यायला जरा उशीर झाला, कारण आधी खात्री करून घ्यायची होती.

नोव्हेंबरात एकदा दुखणं परत डोकावलं होतं, एका लग्नात जुने सँडल घातले त्या दिवशी. त्यानंतर ते सँडल दिले टाकून. इंजेक्शन अजून लागलेलं नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे.

धालोला आम्ही अनवाणीच असतो. मांड शेणाने सारवलेला, गार आणि मऊ. दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात, वाकत पुढे जायचं आणि गात मागे यायचं. पहिल्या ओवीला माझं सगळं लक्ष पायात होतं. तिसऱ्या-चौथ्या ओवीला लक्षात आलं की मी गाते आहे. पाऊल पूर्ण टेकवून चालले, चवड्यावर उठले नाही. शेवटी फुगडी सुरू झाली तेव्हा मात्र बाजूला बसले. फिजिओताईंनी सांगितलं होतं, गिरकी अजून सहा महिने नको. भाची समोरून हात पुढे करून उभी होती. तिला म्हटलं, चवथीला घालू.

---

फिजिओ_फोंडा | २७ जानेवारी, सकाळी ७:४०

बसलात ते फार बरं केलंत. पोटरीचे व्यायाम सोडू नका, चवथीला अजून वेळ आहे.

---

वाळपईकर | २७ जानेवारी, सकाळी ८:१०

वडिलांचं सांगायचं राहिलं. बी-१२ खूपच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत, आग थोडी उतरली आहे. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन त्यांचे तळपाय मी बघतो. आधी त्यांना संकोच वाटायचा, आता देवासमोर दिवा लागला की स्वतःच पाय पुढे करतात.